शंभर मोजेपर्यंत

शेषेराव सरांची बोट लातुरात आली, तेव्हा नळाला पाणी येऊन तेवीस दिवस झाले होते. रेल्वेनं आणलेलं पाणी टँकरनं वाटलं जात होतं, बाया घागरी घेऊन रांगेत भांडत होत्या, आणि अशा भर दुपारी एका लांबलचक ट्रेलरवरून मुंबईची एक जुनी शिडाची बोट क्लासच्या अंगणात शिरली. रांगेतल्या बायांनी भांडण थांबवून तिच्याकडं बघितलं, आणि मग पुन्हा भांडायला लागल्या.

साबेरानं ती आपल्या दुकानातून पाहिली. क्लासच्या पाच मजली इमारतीसमोर, फाटकाला चिकटून तिचं काचांचं दुकान होतं. पाटीवर अजून नवऱ्याचंच नाव होतं, सरदार ग्लास. सरदार जाऊन दोन वर्षं झाली. बसच्या खिडक्या बसवण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या लातुरात कुणी नव्हता, आणि तीस वर्षं त्याच्या शेजारी उभी राहून साबेराही तितकीच तयार झाली होती. सुरुवातीला बसवाले बाईमाणूस बघून परत फिरत. नंतर नंतर तेच गाडी उभी करून म्हणायचे, भाभी, जरा बघा.

आता ते दुकानच जाणार होतं. सहा वर्षांपूर्वी ती सगळी जागा शेषेरावांनी विकत घेतली होती आणि त्यांना तिथं पालकांच्या गाड्या लावायच्या होत्या. तीन नोटिसा आल्या. तिन्हींवर ‘साबेराबाई सरदार शेख’ असं लिहिलं होतं. ज्या माणसाला तिनं आठ महिने आपल्या हातची भाकरी वाढली, त्यानं तिला असं कागदावर बाई करून टाकलं, याचा तिला नोटिशीपेक्षा जास्त राग होता. मुलगा हैदराबादेत नोकरीला, घरी सून अफसाना. दुकान गेलं की पंचावन्नाव्या वर्षी तिला सुनेच्या स्वयंपाकघरात लसूण सोलत बसावं लागणार होतं. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं ती अफसानाच्या तोंडावर म्हणायची, आणि अफसानाही तिच्या तोंडावर म्हणायची, “बसू नका ना मग. मला तरी कुठं पायजेत तुम्ही दिवसभर घरात.”

बोट कशासाठी, हे गल्लीला हळूहळू कळलं. सरांची नवी शाखा नांदेडला निघत होती. पाऊस पडून धरण भरलं की पहिल्या नंबरांच्या पोरांना बोटीतून गोदावरीवर फिरवायचं आणि फोटो छापायचे, असा बेत होता. नाव ठेवलं ‘ध्येयनौका’. लातुरात त्या उन्हाळ्यात घागरभर पाण्यासाठी डोकी फुटत होती आणि ह्यांना नौका सुचली. पण सरांना कोण बोलणार? निम्म्या गल्लीच्या वरच्या खोल्या त्यांच्याच क्लासच्या भाडेकरू पोरांनी भरलेल्या होत्या.

बोटीचं खालचं अंग ठीक होतं. गोची होती ती केबिनच्या खिडक्यांची. सहा खिडक्या, दोन-दोन दोन्ही अंगांना, एक पुढं आणि एक लहानशी मागं, दाराच्या शेजारी. खारं ऊन खाऊन त्यांच्या काचा पांढऱ्याफटक पडल्या होत्या. सरांचा मॅनेजर गुंडप्पा, हा देवणीकडचा, त्यानं गावातले दोन कारागीर आणून साधी काच बसवली आणि चारी बाजूंनी पुट्टी भरली. बोट क्रेननं जरा उचलली तर तीन काचा तडकल्या. उरलेल्यांतून वळवाच्या दहा मिनिटांच्या सरीत इतकं पाणी आत आलं की नव्या गाद्या पिळून काढाव्या लागल्या. मुंबईचा माणूस पावसाळ्याआधी यायला तयार नव्हता, आणि नांदेडच्या उद्घाटनाची पत्रिका छापून झाली होती.

तेव्हा गुंडप्पा दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. आत आला नाही.

“बाई, सरांनी बोलावलंय.”

“कोर्टात भेटतेच की मी त्यांना.”

“खिडक्यांचं काम हाय.”

“कशाच्या?”

गुंडप्पानं मानेनंच बोटीकडं खूण केली. साबेरा इतक्या जोरात हसली की समोरचा चहावाला बघायला लागला. मग हसू गिळून तिनं ओढणी नीट केली आणि ती निघाली. अशी संधी पायानं चालत आली होती.

शेषेरावांची खोली पहिल्या मजल्यावर होती. चारही बाजूंनी काच, आणि दाराला खाली कायम एक दगड लावलेला, म्हणजे दार मिटूच नये. एसी चालू आणि दार उघडं. पालकांना वाटायचं, सर किती मोकळे, कुणालाही कधीही भेटतात. साबेराला खरं कारण माहीत होतं.

त्र्याण्णवच्या भूकंपात शेषेरावाचं तेरणेकाठचं गाव एका झटक्यात बसलं, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. सरदार त्याच सकाळी पहारी-टिकाव घेऊन लाकडाच्या वखारीच्या ट्रकमधून तिकडं गेला. दगडामातीच्या ढिगाखालून एक आवाज येत होता. सरदार त्या आवाजाशी बोलत बोलत संध्याकाळपर्यंत उकरत राहिला आणि एका मोडक्या खिडकीच्या चौकटीतून त्यानं पोरगं बाहेर ओढलं. तेव्हा सरदारच्या उजव्या हाताची दोन बोटं जी वाकडी झाली, ती मरेपर्यंत वाकडीच राहिली. पोराचं घरी कुणी उरलं नव्हतं. सरदारनं त्याला लातुरात आणलं. शेषा आठ महिने दुकानातच झोपायचा, पण आत नाही, उंबऱ्यावर आडवा, शटर अर्धं उघडं ठेवून. थंडीत साबेरानं त्याच्यासाठी तिथं ताडपत्री बांधली होती. त्याची पहिली शिकवणीही दुकानाच्या मागच्या भागातच भरली, सात पोरं आणि काळा रंग मारलेला एक प्लायवूडचा तुकडा.

पुढं क्लास वाढला आणि चौकात एक भलामोठा फलक लागला. त्यावर सरांचा फोटो आणि खाली, ‘पहाटे चारला उठला, तो वाचला.’ गोष्ट अशी की भूकंप झाला त्या पहाटे शेषेराव कंदिलापाशी गणितं सोडवत बसले होते, म्हणून धावत बाहेर आले, झोपलेले गेले. त्या गोष्टीवर पहाटे चारची बॅच निघाली आणि मग लातूर-नांदेडात चारच्या बॅचला नंबर लावायला आमदारांच्या चिठ्ठ्या येऊ लागल्या. फलक पाहून साबेरा संतापली होती. ज्यानं बोटं मोडून ह्याला काढलं, त्याचं नाव नाही, गाव नाही! सरदार मात्र म्हणाला, “त्याला जगू दे. आपलं काय जातं?” त्यापुढं तो कधी बोलला नाही. आणि त्याच सरदारच्या मातीला शेषेराव आले नाहीत, बॅच होती. गुंडप्पाच्या हाती हार पाठवला. हार! साबेरानं तो बाहेरच्या बाभळीला टांगून ठेवला होता.

“साबेराबाई, बसा,” शेषेराव म्हणाले. स्वतः ते दाराजवळच्या खुर्चीत होते.

“उभीच बरी. बोला.”

“खिडक्या जमतील?”

“जमतील. पैसे नको मला. दुकान पायजे.”

ते थोडं हसले. “कोर्टात अजून पाच वर्षं जातील, हे मलाही कळतं. मग असं करू. तुम्ही खिडक्या बसवा. सगळ्यांसमोर तपासू. एक थेंब आत आला, तर त्याच दिवशी दुकानाला कुलूप लावून किल्ली गुंडप्पाकडं द्यायची. कोर्ट नाही, काही नाही.”

“आन न्हाई आला तर?”

“तर दुकान तुमचं. तुम्ही असेपर्यंत.”

“माझ्यामागं अफसाना असेपर्यंत.”

“ठीक.”

“कागदावर.”

“कागदावर,” ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून साबेराला कळलं की ह्या माणसाच्या हिशेबात ती आत्ताच हरलेली होती.

दुसऱ्या दिवसापासून तिनं काम धरलं. जुन्या काचा आणि त्यांच्या भोवतीचा काळा चिकट गम खरवडून काढण्यातच दोन दिवस गेले. मग जुन्या कॅलेंडरची पानं चौकटींवर दाबून तिनं मापं घेतली, कारण सहांतल्या कुठल्याही दोन खिडक्या सारख्या नव्हत्या. काच तिनं घेतलीच नाही. बसचं अंग रस्त्यावर मुरडतं तसं बोटीचंही मुरडणार, आणि काचेला मुरडणं माहीत नसतं. तिनं हैदराबादहून बोटाएवढं जाड अॅक्रिलिक, काचेसारखं आरपार प्लास्टिक, मागवलं. त्याच्यावर हातोडा मारला तरी ते फुटत नाही, पण लातूरच्या उन्हात फुगतं. म्हणून भोकं स्क्रूपेक्षा मोठी पाडायची, खाली गमचा जाड थर ठेवायचा आणि पहिल्या दिवशी स्क्रू अर्धेच आवळायचे. गम सुकला की दुसऱ्या दिवशी पुरते आवळायचे. घाई केली तर सगळा गम बाहेर येतो आणि खिडकी कोरडीच बसते. ही सगळी सरदारची शिकवण.

कामात सुख असं नव्हतंच. गुंडप्पानं पहिल्याच दिवशी ड्रिलची वायर काढून घेतली, म्हणाला, लोड येतो. तिनं दुकानातून वायर ओढली. त्यानं शिडी नेली, तर तिनं ग्यारेजमधून लोखंडी स्टूल आणलं. उन्हात बोटीचं अंग तव्यासारखं तापायचं आणि वॉचमनला ताकीद होती की बाईला पाण्याचा ग्लास द्यायचा नाही. बाहेरून स्क्रू फिरवताना आतून नट धरायला माणूस लागतो, तेवढ्यासाठी अफसाना यायची आणि आत बसून तोफ डागायची.

“माझ्या अंगाची भाजी झाली, अम्मी. ह्या दुकानापायी मी इथं मरून राहिले.”

“मर, पन नट सोडू नको.”

चौथ्या दिवशी सकाळी एका खिडकीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या. साबेरानं नाक लावून हुंगलं. थिनर. कुणीतरी रात्रीतून ‘साफ’ केलं होतं. अॅक्रिलिकला थिनर म्हणजे विष. गुंडप्पा दूर उभा राहून मिशीतल्या मिशीत हसत होता. सहा खिडक्यांचं काम असलं की सरदार सात तुकडे कापायचा, आणि सातवा तुकडा दुकानात चटईखाली होता. तो तिनं बसवला आणि त्या रात्रीपासून दोघी सासू-सुना आळीपाळीनं बोटीखाली चटई टाकून पडल्या. अफसाना शिव्या देतच आली, पण आली.

रविवारी दुपारी चारला तपासणी ठरली. क्लासच्या पोरांना मुद्दाम अंगणात उभं केलं होतं, तीन-चारशे तरी असतील. कॅमेरेवाला होता. बाईची फजिती नांदेडच्या शाखेआधी चांगली गाजेल, असा त्यात हिशेब असावा. आणि फाटकातून एक भरलेला टँकर आत आला.

टँकरच्या मागोमाग गल्लीतल्या बाया घागरी घेऊन आल्या. त्यांना वाटलं, पाणी वाटपाचं आहे.

“लावा पाइप,” शेषेराव म्हणाले.

साबेराला कळलं की इथंही तिला कोंडीत धरलं होतं. सकाळी ती स्वतः ह्याच बायांबरोबर रांगेत तीन तास उभी होती आणि तिचा नंबर येईपर्यंत पाणी संपलं होतं. त्यांच्या डोळ्यांदेखत हा टँकर बोटीवर ओतून तिनं दुकान वाचवलं असतं, तर त्या दुकानाच्या पायरीवर पुन्हा कुणी थुंकायलाही चढलं नसतं.

“पानी नको,” ती म्हणाली.

“म्हणजे गळतंय,” शेषेराव म्हणाले. पोरं हसली.

“धुरानं बघू. पान्यापेक्षा धूर बारीक. जिथून धूर जात न्हाई तिथून पानी काय जाईल? सरदार दुधाच्या बंद गाड्यांची दारं असंच बघायचा. तुमाला माहीत हाय, तुमी बघितलंय.”

शेषेरावांनी बघितलं होतं. दर गुरुवारी दुकानात लोबानाचा धूप फिरायचा, आणि गाडी असली की तीच लोबानदानी गाडीत ठेवून सरदार दार लावायचा आणि बाहेरून डोळे बारीक करून फटी शोधायचा. शेषाही त्याच्या मागं फिरायचा. पण आत्ता ते म्हणाले, “धुराची करामत मला नको. आत काय होतंय ते कोण बघणार?”

“तुमीच बसा आत.”

त्यांचा चेहरा क्षणभर रिकामा झाला. गुंडप्पा पुढं सरसावला. “मी बसतो, सर.”

“न्हाई,” साबेरा म्हणाली. “करार सरांचा हाय.”

तिला पक्कं माहीत होतं की हा माणूस बंद केबिनमध्ये बसणार नाही. तेवीस वर्षांत त्यानं संडासची कडी लावली नसेल. तो नाही म्हणेल, चारशे पोरांसमोर मागं सरेल आणि कागदावर सही देईल, एवढाच तिचा डाव होता. म्हणून तिनं पोरांकडं वळून आवाज चढवला, “अरे, तुमचे सर भूकंपात पहाटे चारला जागे होते, म्हनून वाचले न्हाई का? असल्या मानसाला एवढ्याशा धुराचं काय भ्या?”

पोरांनी टाळ्या वाजवल्या. “सर! सर! सर!” असा एकच गिल्ला झाला.

शेषेरावांनी तिच्याकडं पाहिलं. फलकावरची गोष्ट तिनं त्यांच्यावरच फेकली होती, हे दोघांनाही कळलं होतं. त्यांनी चपला काढल्या.

“किती वेळ?”

“पन्नास मोजेपर्यंत पुरे.”

“शंभर,” ते म्हणाले. आवाज कोरडा होता. “नंतर बोलायला जागा नको. आणि गुंडप्पा, शंभर होईपर्यंत दाराला कुणी हात लावायचा नाही. कुणीही.”

हा माणूस आत जाईल असं साबेराला वाटलंच नव्हतं. पण तो वाकून आत गेला, आणि आता मागं सरायची पाळी तिची होती. ती सरली नाही. अफसानानं दुकानातून आणलेल्या लोबानदानीतल्या निखाऱ्यांवर तिनं मूठभर लोबान टाकला, ती केबिनच्या तळाशी ठेवली, दार ओढलं आणि बाहेरून बोल्ट सरकवला.

“एक!” पोरं ओरडली. “दोन! तीन!”

इकडं टँकरपाशी बायांनी कुणाला न विचारता तोटी उघडली होती, पण तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं. साबेरानं बोटीभोवती एक फेरी मारली. पाच खिडक्या आतून दुधाळ होत गेल्या आणि बाहेर काही नाही. तिसाव्या आकड्याला डाव्या अंगाच्या मागच्या खिडकीवर धुराची एक बारीक रेघ दिसली. गुंडप्पा ओरडला, “निघाला! निघाला!” ती स्टुलावर चढली आणि तिनं ओलं बोट रेघेखाली धरलं. धूर खिडकीतून नव्हताच. वर छपराला धरायची जी दांडी होती, तिच्या स्क्रूच्या भोकातून तो येत होता. ती दांडी गुंडप्पाच्या मेव्हण्यानं बसवली होती.

“हे माझं काम न्हाई,” ती म्हणाली, आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाली, “हे माझं काम न्हाई!”

“पंचेचाळीस! सेहेचाळीस!”

तेव्हा पहिला धक्का बसला. मग दुसरा. आतून कुणीतरी दोन्ही मुठींनी खिडकीवर मारत होतं. पोरांना वाटलं सर मजा करतात, ती आणखी जोरात मोजू लागली. साबेरा दाराकडं गेली. साधी काच असती तर ती एव्हाना फुटली असती. तिनं बसवलेली खिडकी हलतही नव्हती.

मग आवाज आला. सरांचा तो शुद्ध, माइकवरचा आवाज नव्हता. गावाकडच्या एकोणीस वर्षांच्या पोराचा होता.

“सरदारभाई! सरदारभाई, मी हितं हाय! मला काढा!”

पोरांचं मोजणं त्रेसष्टवर अडखळलं आणि थांबलं. अंगणात नुसतं टँकरमधून पडणारं पाणी ऐकू येत होतं. साबेरानं बोल्टवर हात ठेवला.

“सरदारभाई, आधी मायला काढा! माय हाका मारून राहिली होती, शेषा ऊठ, शेषा ऊठ... मी उठलो न्हाई! ती बाहेर गेली होती, मला उठवाया परत आली... मी झोपलो होतो, सरदारभाई!”

हे साबेरानंही कधी ऐकलं नव्हतं. सरदारनं ढिगाऱ्यावर बसून दिवसभर हेच ऐकलं होतं, आणि वीस वर्षं ते बायकोजवळसुद्धा काढलं नव्हतं. त्याला जगू दे, एवढंच तो म्हणाला होता. म्हणजे तो फलक नुसत्या धंद्याचा नव्हता, हे तिला तिथं, बोल्टवर हात ठेवून उभी असताना कळलं.

गुंडप्पा धावत आला आणि तिच्यापासून दोन हातांवर थांबला. सरांनी सांगितलं होतं, कुणीही हात लावायचा नाही. आयुष्यात एकदाही त्यानं सरांची आज्ञा मोडली नव्हती. “बाई, उघडा,” तो म्हणाला, पण पुढं झाला नाही.

आता उघडलं तर? उद्या हाच माणूस म्हणेल, शंभर झाले नव्हते, कागद रद्द. साबेराला तो म्हणेलच याची खात्री होती. नोटिसा आठवल्या, हार आठवला, उन्हात नाकारलेलं पाणी आठवलं. राग अजून जिवंत होता, तिला वाटत होतं त्याहून जास्त जिवंत होता. ती मोजू लागली. मोठ्यानं, एकटी.

“चौसष्ट. पासष्ट. सहासष्ट.”

“अम्मी,” अफसाना म्हणाली.

“सदुसष्ट.”

दाराशेजारच्या लहान खिडकीत एक तळहात आला. त्यानं आतून धूर पुसला, आणि तिथं एक कपाळ आणि एक डोळा टेकला. साबेरानं तिकडं बघायचं टाळलं. ती आकड्यांकडं बघत राहिली. ऐंशीनंतर आतला आवाज बसला. नव्वदनंतर नुसता खोकला येत होता. अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव, शंभर. तिनं बोल्ट ओढला.

शेषेराव गुडघ्यांवर बाहेर आले आणि बोटीवरून जवळजवळ खालीच पडले. गुंडप्पानं त्यांना धरलं. शर्ट घामानं चिंब होता, मुठी सोललेल्या होत्या. पोरं कुठं बघावं ते न कळून बुटांकडं बघत होती. एका घागरवाल्या बाईनं तांब्याभर पाणी त्यांच्यापुढं धरलं. ते त्यांनी प्यायलं, उरलेलं डोक्यावर ओतलं, आणि किती तरी वेळ ते उघड्या आभाळाखाली नुसते श्वास घेत बसले.

मग त्यांनी हात पुढं केला. गुंडप्पाला कळलं नाही, साबेराला कळलं. तिनं कमरेला खोचलेला कराराचा कागद दिला. शेषेरावांनी तो बोटीच्या ट्रेलरवर ठेवून सही केली. सही वेडीवाकडी होती, पण सही होती. त्यांनी कागद परत दिला तेव्हा त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

“भाभी,” ते म्हणाले. पंधरा-वीस वर्षांनी म्हणाले. “खिडकी लई साफ बसवलीत. बोल्टवर तुमचा हात दिसून राहिला होता मला. मी म्हनून राहिलो होतो, आता वढतील. सरदारभाईनं मोजलं नव्हतं.”

ते उठले आणि गुंडप्पाचा हात बाजूला करून चालत इमारतीत गेले. चपला बोटीपाशीच राहिल्या.

साबेरा दुकानात आली. अफसाना मागोमाग आली आणि पायरीवर बसली.

“शंभर झाल्यावरच उघडायचं ठरलं होतं ना, अम्मी?”

“हाव.”

“त्यांनीच सांगितलं होतं ना शंभर?”

“हाव.”

“मंग झालं तर,” अफसाना म्हणाली, पण सासूकडं न बघता.

भिंतीवर सरदारचा फोटो होता. दुकानाचे सगळे महत्त्वाचे कागद साबेरा त्याच्या मागं ठेवायची, परवाना, लाइटबिलं, कोर्टाच्या तारखा. तिनं स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि सहीचा कागद हातात घेऊन थोडा वेळ तिथं उभी राहिली. मग खाली उतरून तिनं तो टेबलाच्या खणात ठेवला आणि खण लावून घेतला.